एकांडा दात

पातं तुटलं तेव्हा मी धारेच्या खोलीत होते. आवाज आला आणि माझ्या हातातली तेलाची बाटली सुटली. बँडसॉचं पातं तुटायचा आवाज एकदा ऐकला की माणूस तो विसरत नाही. आधी एकच टणत्कार, मग पत्र्याच्या झाकणाआड कुणीतरी वेड लागल्यासारखं साखळ्या आपटावं तसा खडखडाट, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यात वाईट, कारण तेव्हा कुणाचा तरी आवाज यायला हवा असतो.

"धाकट्या!" मी ओरडले आणि धावत सुटले.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तिशी उलटली, लग्न झालं, मिशीत एक पांढरा केससुद्धा आला, तरी घरी आणि गिरणीत सगळे त्याला धाकटाच म्हणतात. तो यंत्राजवळ दोन्ही हात पुढे धरून उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. तोंडाचा रंग पार उडाला होता.

"आहेत," तो म्हणाला. "दहाच्या दहा आहेत."

मी खाली बसले, तिथेच, भुशात.

आमची लाकूड कापायची गिरणी आहे. फार मोठी नाही. एक शेड, अंगणात ओंडक्यांच्या थप्प्या, आणि शेडला चिकटून धारेची खोली. यंत्रही साधं: ओंडका आडवा ठेवून जखडायचा आणि पात्याचं डोकं त्याच्यावरून ढकलत न्यायचं. पातं म्हणजे दोन बोटं रुंदीचा लांबलचक पोलादी पट्टा, एका कडेला दात, टोकं एकमेकांना जोडून गोल केलेला. दोन चाकांवरून तो गरगर फिरतो. ढकलणारा माणूस त्याच्या शेजारून चालतो. तो माणूस म्हणजे धाकटा, आणि त्या पात्याला धार लावून देणारी मी. माझ्या हातचं पातं माझ्या भावाच्या अंगाशी फिरायचं. रोज सकाळी ते त्याच्या हातात देताना माझ्या पोटात एक गाठ बसायची, आणि संध्याकाळी तो ताटावर बसून भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरला की सुटायची.

आधी हे काम आबांचं होतं, आमच्या वडिलांचं. गिऱ्हाईक त्यांना दंतवैद्य म्हणायचे आणि आबांना ते मनातून आवडायचं. काम दोन प्रकारचं. एक म्हणजे धार, ती सगळ्यांना कळते. दुसरं म्हणजे दात वाकवणं. पात्याचा एक दात केसभर डावीकडे, पुढचा केसभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असं सबंध पात्याला करावं लागतं. नाहीतर पात्याने पाडलेल्या खाचेत पातंच अडकतं. एका बाजूला जास्त वाकले तर फळी नागमोडी निघते आणि गिऱ्हाईक ती आपल्याच दारात आणून टाकतं. आबा हे सगळं हाताने करायचे. एकेक दात चिमट्यात धरून वाकवायचे, मग छोट्या ग्राइंडरने घासायचे. सबंध गोल पुरा होईपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, असा घरातला कायदा होता. आई होती तेव्हा तीसुद्धा तो पाळायची.

मग त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी ठिणग्यांजवळ जायला साफ बंदी केली. काम तर वाढलेलं. मी आधीपासून त्यांच्या हाताखाली शिकले होते, तेव्हा धारेची खोली माझ्याकडे आली, आणि मी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की हाताने हे माझ्याच्याने होणार नाही, यंत्र घेऊ या.

निवड करायला मी चार ठिकाणी फिरले. आबांचं म्हणणं होतं की हातातलं ग्राइंडर काय वाईट आहे. वाईट हे आहे की त्याचा दगड दाताच्या तोंडाला लागतो आणि दोन दातांमधल्या खळगीला लागत नाही. बारीक तडे सगळे त्या खळगीत असतात. ती दर वेळी घासून काढली नाही तर पातं तिथूनच फाटतं. दुसरं एक आपोआप चालणारं यंत्र पाहिलं, पण ते कोरडं घासायचं. दाताचं टोक बघता बघता निळं पडायचं, आणि निळा दात म्हणजे जळलेला दात. शेवटी मी तेलाच्या धारेखाली घासणारं घेतलं. त्याच्या चाकाच्या कडेलाच दाताचा आकार असतो. ते दाताच्या तोंडावरून उतरून खळगीतून पुढच्या पाठीवर चढतं, सगळं एका दमात. फक्त चाकाचा आकार आपल्या पात्याच्या दाताशी जुळायला हवा. म्हणून मी पात्याचा एक तुकडा पर्समध्ये घालून नेला आणि दुकानात तो चाकाला लावून पाहिला.

"लोक चित्र बघून घेतात हो," यंत्रवाला म्हणाला. "तुम्ही पहिल्याच माप घेऊन आलात."

"बांगड्या घ्यायला गेले तरी हात घरी ठेवून जात नाही मी," मी म्हटलं.

दात वाकवायचं यंत्र म्हणजे सेटर. तसे त्याच्याकडे दोन होते. एक हाताच्या दांड्याचा, एका वेळी एकच दात. दुसरा मोटरचा. त्याला दोन ठोकण्या. डावी ठोकणी एक दात डावीकडे ढकलते, त्याच क्षणी उजवी ठोकणी शेजारचा दात उजवीकडे, मग पातं दोन दात पुढे सरकतं. खटक, खटक, खटक. मी मोटरचा घेतला. यंत्रवाल्याने निघताना सांगितलं, "दोन फेऱ्या द्यायच्या. पहिलीत दात वळतात, दुसरीत माप पक्कं होतं." मी मान डोलावली. दोन फेऱ्या, बरं.

यंत्र बसवलं त्या दिवशी आबा हात मागे बांधून बघत होते.

"ह्याला डोळे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. पण मोतीबिंदूही व्हायचा नाही," मी म्हटलं.

धाकटा खो खो हसला, भावजय हसली, मीही हसले. आबा हसले नाहीत. ते खोलीतून गेले आणि त्यानंतर धारेच्या खोलीचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. रुसले असतील, चार दिवसांनी येतील, असं मी धरून चालले. आमच्या घरात रुसवे काही नवे नाहीत.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. फळ्या अशा निघाल्या की त्यांवर हात फिरवत राहावंसं वाटे. आणि मग ते पहिलं पातं तुटलं.

आबा घरातून आले. त्यांनी तुटलेलं टोक उचललं, उजेडाकडे धरलं, अंगठ्याने चाचपलं आणि परत ठेवून दिलं.

"जुनं होतं पातं," म्हणाले.

जुनं होतं हे खरंच होतं. तडा गेलेलं पातं आबा कधी फेकून देत नसत. तेवढा तुकडा कापून काढायचे आणि टोकं पुन्हा वेल्डिंगने जोडायचे. भिंतीवरची आमची निम्मी पाती अशीच, जोड दिलेली. मी ते खरं मानलं. तरी जीव राहीना म्हणून पात्याचा ताण तपासला, चाकं सरळ आहेत का ते पाहिलं, त्या ओंडक्यात खिळा सापडतो का म्हणून अख्खा ओंडका धुंडाळला. खिळा नव्हता. यंत्रवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आमच्या यंत्रात दोष नाही, तुमचं पोलाद तपासा." हे उत्तर त्याने बहुतेक आरशासमोर पाठ करून ठेवलेलं असावं.

आठवडा गेला. दुसरं पातं तुटलं.

ह्या वेळी मी खोलीत नव्हते, अंगणात फळ्या मोजत होते, म्हणून मला सगळं दिसलं. टणत्कार झाला. धाकट्याचं डोकं मागे फेकलं गेलं, कुणी थोबाडीत दिल्यासारखं. तो पडला नाही. नुसता वळला, आणि त्याचा डावा गाल लाल होता, आणि तो लाल खाली पसरत होता. पात्याचा तुटलेला दात झाकणाच्या फटीतून उडून त्याच्या डोळ्याखाली शिरला होता.

मी काय केलं ते मला आठवत नाही. भावजय सांगते की मी ओढणीचा बोळा करून त्याच्या गालावर दाबला आणि गाडीत बसेपर्यंत एकच वाक्य म्हणत होते, "डोळा उघड, डोळा उघड." त्याने उघडला. डोळा शाबूत होता. डॉक्टरांनी दाताचा तुकडा काढून काचेच्या बशीत टाकला, तांदळाच्या कणीएवढा. ते म्हणाले, "बोटभर वर लागला असता तर..." आणि वाक्य सोडून टाके घालू लागले. ते अर्धं वाक्य घेऊन आम्ही घरी आलो.

मी गिरणी बंद केली. कुणाला विचारलं नाही. मेन स्विच पाडला आणि किल्ली कमरेला खोचली.

आबा त्या दिवशी धाकट्याच्या पायांशी बसून होते. त्याचे पाय चेपत होते. तो नको नको म्हणत होता, आबा ऐकेनात. ताट समोर आलं तसं परत गेलं. मला भरून आलं. मनात म्हटलं, बघ, तोंडाने गोड बोलायचं माहीत नाही, पण बापाचं काळीज आहे. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर तो खांदा लाकडासारखा होता.

पुढचे दिवस मी धारेच्या खोलीत काढले. एक गोष्ट मला खात होती. नव्या पात्यांतलं एकही तुटलं नव्हतं. त्याच यंत्रावर, त्याच हाताने, त्याच तेलात धार केलेली. जोडाची पाती बहुतेक धड होती, आणि दोन मात्र तुटली होती. दोन्ही जोडावर तुटली असती तर वेल्डिंगला दोष देऊन मोकळी झाले असते. पण तुटली होती ती जोडापासून लांब, दाताच्या मुळातून. भिंगातून पाहिलं तर त्या तुकड्यांवर प्रत्येक दाताच्या मुळाशी केसासारखी रेघ. प्रत्येक. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटायच्या आधी तिला जशी सुरकुती पडते, तशी. पण मी दात इकडून तिकडे वाकवत नव्हते. एका बाजूलाच वाकवत होते. मोजमापाच्या काट्यावर प्रत्येक दात बरोबर येत होता.

मग ठरवलं की एक सबंध पातं डोळ्यांत तेल घालून बघायचं. एरवी मी सेटर सुरू करून दुसऱ्या यंत्राकडे वळायची. फेरी पुरी झाली हे जोड आला की कळायचं. जोडापासून सुरू, जोडापर्यंत एक फेरी, पुन्हा जोडापर्यंत दुसरी, बंद. आता मला दातावर खूण हवी होती, आणि खडू तेलात टिकेना. मी घरात जाऊन भावजयीकडे नेलपॉलिश मागितलं.

"ताई, आत्ता?" ती म्हणाली. नवऱ्याचा गाल सुजलेला आणि नणंद नटायला निघालेली, तिला काय वाटलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"माझ्यासाठी नाही. पात्याला लावायचंय."

तिने बाटली दिली, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

भिंतीवरचं जोडाचं एक पातं काढलं. जोडाशेजारचा डावीकडे वळलेला पहिला दात लाल रंगवला, वाळू दिला, आणि नीट बघून डाव्या ठोकणीखाली आणला. सेटर सुरू केला. खटक, खटक. लाल दात डाव्या ठोकणीतून पुढे गेला. पातं सरकत राहिलं. मी हलले नाही. जोड फिरून आला, पहिली फेरी पुरी, आणि त्याच्या मागून लाल दात आला.

तो उजव्या ठोकणीखाली आला.

खटक. माझ्या डोळ्यांदेखत उजव्या ठोकणीने त्याला पार पलीकडे वाकवलं. डावीकडचा दात उजवीकडे. त्याच्या शेजारचा उजवीकडचा डावीकडे. मग पुढची जोडी. मग पुढची. यंत्र शांतपणे, एका लयीत, अख्ख्या पात्याचे दात उलटे करत चाललं होतं.

मी झडप घालून ते बंद केलं. पातं खाली उतरवलं, फरशीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसून बोटांनी जोड्या लावत गेले. जोडी, जोडी, जोडी. सबंध गोल फिरून लाल दाताशी परत आले तर एक दात उरला. त्याला जोडीदार नव्हता.

नव्या पात्याचे दात कारखान्यातून जोडीतच येतात. पण आबा जेव्हा तडा गेलेला तुकडा कापून टाकत, तेव्हा त्यात किती दात जातील ते त्या तड्यावर असे. कधी समसंख्येने जात, कधी विषम. हात एकेक दात वाकवतो, त्याला फरक पडत नाही. माझं यंत्र मात्र दोन-दोन पावलं टाकणारं. पात्याचे दात विषम असले की दुसऱ्या फेरीत त्याचा पाय चुकायचा आणि पहिल्या फेरीत जे केलं ते सगळं उलटं व्हायचं. शेवटी मोजलं तर माप अचूक. डावा-उजवा, डावा-उजवा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि प्रत्येक धारेला प्रत्येक दात एकदा पुरा उलटा वाकलेला. अशी मरायला टेकलेली पाती मी माझ्या हाताने पुसून, घडी करून, धाकट्याला देत होते. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला त्या फरशीवर कळलं.

पण सापडलं होतं. ह्या धक्क्याच्या खाली कुठेतरी आनंदही होता, खोटं कशाला बोलू. मी पातं तिथेच टाकून घराकडे पळाले.

स्वयंपाकघरात आबा आणि धाकटा टेबलाशी बसले होते. भावजय चहा गाळत होती. धाकट्याच्या गालावर पट्टी, डोळा अर्धा मिटलेला.

"सापडलं!" मी धापा टाकत म्हटलं. "आबा, ऐका. आपल्या जोडाच्या पात्यांत काहींचे दात विषम आहेत. सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि एक दात—"

"एकांडा," आबा म्हणाले.

"काय?"

"एकांडा दात. जोडाशेजारी उरतो तो. त्याला वाकवायचं नसतं, सरळ सोडायचं." त्यांनी कप उचलला. "मी सरळ सोडायचो."

मी हसतच होते. खरं सांगते, ओठ अजून हसण्याच्या आकारात होते आणि डोकं मागून येत होतं. एकांडा. त्यांच्याकडे त्या दाताला नाव होतं. ज्याचा मला पत्ता नव्हता, ज्याच्यासाठी मी गुडघे सोलून घेतले, त्याला ह्या घरात कितीतरी वर्षांपासून नाव होतं.

आबांचा कप अर्ध्यावर थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आत्ता कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. प्रश्न नव्हताच तो.

चहा गाळणीतून ठिबकायचा थांबला. भावजय हातात गाळणी तशीच धरून उभी.

"यंत्र दोन-दोन दात घेतं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलंत. हात मागे बांधून पाहिलंत."

"पाहिलं," आबा म्हणाले.

"मग?"

"मला वाटलं दात तिथेच तुटतील. तुझ्या टेबलावर. उलटे वाकवताना चार-सहा उडतील, तुझ्या लक्षात येईल, आणि तू विचारायला येशील." ते टेबलाच्या लाकडाशी बोलत होते. "विचारायला येशील एवढंच वाटलं."

"आणि पहिलं पातं तुटलं तेव्हा? ते टोक तुम्ही हातात घेतलंत. अंगठा फिरवलात त्याच्या मुळावरून. तेव्हा कळलं की नाही?"

"कळलं."

"मग का नाही बोललात?"

आबांनी कप खाली ठेवला.

"तेव्हा बोललो असतो तर तू विचारलं असतंस, आधी का नाही बोललात," ते म्हणाले. "त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मी बापाला आजवर खूपदा चिडून बोलले आहे. त्या दिवशी मला चिडता आलं नाही. हा माणूस माझ्या भावाचे पाय चेपत बसला होता. ह्याच्या खांद्यावर मी हात ठेवला होता. दुसरं पातं चढलं त्या सकाळी हा अंगणात उभा होता, त्याला माहीत होतं, आणि धाकटा "आबा, निघू का?" म्हणाला तेव्हा ह्याने मान हलवली होती. मला माझ्या बापाची भीती वाटली. आधी कधी वाटली नव्हती, लहानपणी मार खातानासुद्धा नाही.

"मी रोज पातं बघत होतो," आबा म्हणाले. आता ते धाकट्याशी बोलत होते. "चढवायच्या आधी लांबून बघायचो. जोडाचं असलं की कान लावून बसायचो. आवाज बदलला असता तर थांबवलं असतं. ह्या डोळ्याने नीट दिसत नाही, पण कान आहेत. बदललाच नाही रे आवाज. एकदम तुटलं."

धाकटा ऐकत होता. तो बोटांनी पट्टीची कडा चाचपत होता. भावजयीने गाळणी ओट्यावर ठेवली, नवऱ्यामागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. मग ती आबांना म्हणाली, "चहा घ्या, निवतोय." तिचा आवाज असा होता की आबांनी तो गरम चहा एका घोटात संपवला आणि तोंडही वाकडं केलं नाही.

दोन दिवसांनी टाके निघाले आणि धाकटा म्हणाला, गिरणी सुरू करू. मी म्हटलं, सगळी जोडाची पाती मी बाजूला काढलीत, फक्त नवी चढवायची. तो बरं म्हणाला. स्वयंपाकघरातल्या त्या गोष्टीबद्दल तो माझ्याशी बोलला नाही, बायकोशीही नाही. आबांशी तो पूर्वीसारखाच वागत होता. पाणी हवं का, औषध घेतलंत का. मला वाटलं, माझा भाऊ माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा आहे, त्याने पोटात घातलं. मला जमणार नव्हतं, पण त्याला जमलं तर बरंच, असंही वाटलं.

मी किल्ली दिली. त्याने नवं पातं चढवलं, ताण बघितला, चाक हाताने फिरवून पाहिलं. मी शेजारीच उभी होते. यंत्र अजून बंद होतं. अंगणातून आबा आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते दिसत होतं. हात मागे बांधलेले नव्हते, पुढे होते, रिकामे. ते शेडमध्ये शिरले आणि धाकट्याच्या अगदी जवळ आले, नेहमी यायचे तसे.

आणि धाकटा मागे सरला.

त्याने ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो मान वाकवून पातं न्याहाळत होता, त्याला आबांची चाहूल लागली, आणि त्याचं अंग आपोआप झटक्यात मागे झालं. एक हात गालापाशी गेला. फिरत्या पात्याचा आवाज बदलला की गिरणीतला माणूस असाच सरतो, डोक्याला विचारायच्या आधी. मग त्याला कळलं आपण काय केलं ते. त्याचे कान लाल झाले. "या ना आबा," तो घाईने म्हणाला. "या, या."

पण आबांनी पाहिलं होतं. त्या एका बऱ्या डोळ्याने त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता इतका उघडा पडला. आई गेली तेव्हाही असा नव्हता. मग ते एकेक पाऊल मागे घेत दाराशी गेले, शेडच्या बाहेर, उन्हात.

"बाजूला काढलेल्या पात्यांत," त्यांनी तिथून सांगायला सुरुवात केली. आवाज चढवावा लागत होता, कारण अंतर बरंच होतं. "दोन जोड असलेली जी आहेत, त्यांत दोन दोन एकांडे असू शकतात. तेव्हा मोजून जोड्या लागल्या तरी विश्वास ठेवू नका. दोन्ही जोड हाताने बघा. दाराजवळच्या खिळ्यावरचं पातं आहे ना, त्याला आतल्या बाजूने तडा आहे, मी पाहिला होता, ते मोडीत टाका. आणि तुझ्या त्या सेटरला, ताई, जोडाच्या पात्यांना एकच फेरी दे. दुसरी देऊच नकोस."

"आबा, आत येऊन सांगा," धाकटा म्हणाला.

आबा आले नाहीत. जे जे त्यांना माहीत होतं ते सगळं त्यांनी दारातूनच सांगितलं, एकेका पात्याचं, मोठ्याने, पुन्हा पुन्हा, काही राहिलं तर नाही ना असं स्वतःलाच विचारत. आम्ही दोघं आत उभं राहून ऐकत होतो.